चादरी कुठे वाळतात

६ नोव्हेंबर

खांब काढा म्हणे! कुणी पुरले, कशासाठी पुरले, त्यांच्यावर कुणाचं पोट चालतं, काही विचारलंस? शाळेच्या नावानं छापील कागद आला. खाली तुझी सही. आणि मधेच कुठेतरी, "अडथळा क्रमांक दोन : मैदानाच्या मागच्या कडेचे दोन लोखंडी खांब. काढून टाकावेत." एक नंबरला फुटबॉलचे गोल आहेत. दोन नंबरला मी.

पत्राच्या सुरवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, ठाऊक आहे मला. चौथीपर्यंत तेवढं शिकवलं होतं. तो शेवटी लिहीन, जागा उरली तर.

कागद मला चिमटीनं वाचून दाखवला. चिमटी म्हणजे तुझ्या दादाची मुलगी. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा पाळण्यात मुठी चोखत होती. आता दुसरीत आहे. धरेल ते सोडत नाही, म्हणून मीच हे नाव ठेवलं. शाळेच्या हजेरीत दुसरं आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा बघत नाही. कागद वाचता वाचता ओरडली, "आजी, ही सही आत्याची आहे!" म्हटलं, "मग काय करू, चौकट करून भिंतीला लावू?"

शाळेच्या मैदानावर तुमच्या बचाव पथकाचं हेलिकॉप्टर उतरणार, माणूस अडकला तर त्याला उचलून कसं नेतात ते पोरांना दाखवणार, हे सगळं हेडबाईंनी सभेत सांगितलं. आनंद आहे. चिमटीची निवड झालीय, जखमी म्हणून. तिला स्ट्रेचरवर घालून हेलिकॉप्टरपर्यंत नेणार आहेत. तेव्हापासून ती घरात दिसेल तिथं आडवी पडते आणि सांगते, "मी बेशुद्ध आहे." काल तिला भांडी घासायला सांगितली, तेव्हाही बेशुद्ध होती.

तर खांब. ते तुझ्या बाबांनी पुरलेत. शाळेत शिपाई होते तेव्हा जुन्या हेडमास्तरांना विचारून पुरलेत. मैदानाची ती कड कुणाच्याच उपयोगाची नव्हती, आणि आपलं मागचं दार नेमकं तिथं उघडतं. तेव्हापासून दवाखान्याच्या सगळ्या चादरी त्याच तारांवर वाळतात. रोजच्या रोज. आज रात्री रोग्याच्या अंगाखालची चादर उद्या संध्याकाळी घडी होऊन परत गेली पाहिजे, नाहीतर दवाखाना दुसरा धोबी बघेल, त्याला काय. तू चादरींची टोकं धरून वाढलीस, तुला हे मी सांगायला नको. पण सांगते, कारण तुझ्या कागदात चादरींचं नावसुद्धा नाही.

चार दिशा आहेत. त्या सोडून हेलिकॉप्टरला माझ्याच दारावरून यायचंय?

तुला कशाचा राग आहे ते मी जाणते. तुझे बाबा गेले तेव्हा तू कुठल्याशा पुरात लोकांना छपरांवरून उचलत होतीस. निरोप पाठवला. तुझा उलटा निरोप आला, "मी येईपर्यंत थांबा." आम्ही थांबलो नाही. सकाळीच नेलं. ऐन उन्हाळा होता आणि ओलं कापड न् मेलेलं माणूस ताटकळत ठेवता येत नाही. मी तेव्हाही हेच म्हटलं, आजही म्हणते. तू दुपारी आलीस, चिखलानं भरलेल्या त्या गणवेशात. फाटकापाशी उभी राहिलीस, सगळं झाल्याचं तुला दादानं सांगितलं, आणि तू उंबऱ्याला पाय न लावता गेलीस. त्याला सात वर्षं होतील. राग असेल तर तो माझ्यावर ठेव. मी घट्ट आहे. खांबांवर काढू नकोस.

आणि हो, कागदाला जोडलेला तो नकाशा. त्यात मागच्या कोपऱ्यात तू पेरूचं झाड काढलंयस. ते झाड आता नाही. तारांवर सावली पडायची म्हणून मी तोडवलं, तू गेलीस त्याच्या पुढल्याच वर्षी. तसंही त्याचा उपयोग एवढाच होता की घड्या घालायच्या सोडून एक मुलगी त्याच्यावर चढून आभाळात बघत बसायची. त्या जागी आता शाळेच्या पाण्याची टाकी आहे, लोखंडी पायांवर उभी. म्हणजे नकाशा तू तुझ्या ऑफिसात बसून आठवणीवरून काढलास. जागा न बघता. तुमच्या खात्यात हे चालतं का? मी चादर न बघता डाग निघाला म्हणून सांगितलं तर दवाखाना मला दारात उभी करील का?

खांब निघणार नाहीत.

जागा संपली. आशीर्वाद राहिला.

आई


१३ नोव्हेंबर

पत्राचं उत्तर नाही आलं, त्याऐवजी माणूस आला. उंच, बारीक, नाकापेक्षा चष्मा मोठा. शिपाईमामांनी त्याला माझ्याकडे आणून सोडलं आणि स्वतः आडोशाला उभे राहिले, कारण मी नवख्या माणसाचं काय करते ते बघायला त्यांना आवडतं.

"मावशी, मॅडमनी पाठवलंय. जागा बघायला."

"तुमच्या मॅडमना पाय नाहीत?"

चष्मा हसला. म्हणाला, "खरं सांगू का, त्या एरवी प्रत्येक जागा स्वतः चालून बघतात. कितीही लांब असू दे. आम्हाला म्हणतात, ज्या मातीवर तुम्ही उभे राहिला नाहीत तिच्याबद्दल कागदावर लिहायचं नाही. ही एकच जागा त्यांनी मला दिली."

मी म्हटलं, "मान आहे तुमचा," आणि त्याला चहा दिला. पोरगा बरा आहे. कप स्वतः विसळला.

दिवसभर तो मैदानात होता. मधोमध उभा राहून सावकाश गोल फिरला, मग एकेका दिशेला चालत गेला आणि तिथून मागे वळून बघितलं. माती मुठीत घेऊन वर उडवली. एका काठीला कापडाची लांबडी पिशवी बांधून वारा कुठून येतो ते बघितलं. मैदानात आदल्या दिवशी पाणी मारायचं, नाहीतर धुळीनं वैमानिक आंधळा होईल, हे शिपाईमामांना सांगितलं. मुलं दोरखंडाच्या मागे, भिंतीकडे. पत्र्याचा तुकडा, पिशव्या, टोप्या, कपडे, उडेल असं काही म्हणजे काही बाहेर नको. पंख्याचा वारा इतका असतो म्हणे की घरावरची कौलं हलतात. उडालेली चादर पंख्यात गेली तर हेलिकॉप्टर खाली पडतं. हे तो मला सांगत होता, आणि मी घड्या घालत होते.

मग मी त्याला विचारलंच, चार दिशा सोडून माझंच दार का. त्यानं मला मधोमध नेऊन उभं केलं. समोर शाळेची इमारत. डावीकडे रस्ता, रस्त्यावर विजेच्या तारा. उजवीकडे झाडं, शाळेनं लावलेली, आता तिमजली झालीत. "मावशी, उरली कोणती?" उरली आपली बाजू. तिथं आभाळ मोकळं आहे. आणि ते मोकळं का आहे ते त्याला कुठे माहीत! आम्ही ऊन यावं म्हणून, तो पेरू सोडला तर, तिथं आयुष्यभर एक रोप उगवू दिलं नाही. म्हणजे चादरींनी जागा राखली, आणि आता चादरींनीच उठायचं.

मी म्हटलं, "जमणार नाही."

तो वाद घालत बसला नाही. म्हणाला, "मग उतरता येणार नाही, मावशी. मी तसं लिहितो." वही काढून लिहायलाही लागला. चिमटी तिथंच होती. तिनं रडारड केली असती तर मी ऐकलं नसतं, तुला माहीत आहे, रडण्यावर मी एक लाडूसुद्धा कुणाला दिला नाही. ती तारेपाशी गेली. तारेवरचे चिमटे एकेक करून काढायला लागली आणि टोपलीत टाकायला लागली. हात पुरत नव्हता तिथं उड्या मारून.

रविवारी खांब काढले. दादा आणि शिपाईमामा दोघं मिळून खणत होते, दुपार झाली तरी बूड लागेना. दादा घाम पुसत म्हणाला, "बाबांनी खांब पुरलेत की विहीर खणलीय?" मामा म्हणाले, "त्यांनी एकदा धरलं की असंच." शेवटी बुडाशी करवत लावली. वरचं निघालं, खालचं जमिनीतच राहिलं. त्यावर माती टाकून चोपून घेतली. पायाला लागत नाही, मी अनवाणी चालून बघितलं.

तेव्हा तुझ्या कागदातलं सगळं झालंय. खांब नाहीत. त्या दिवशी बाहेर एक रुमालसुद्धा नसेल. हेडबाईंनी कागदावर "अडथळा नाही" असं लिहून सही करून पाठवलंय. माझ्या शब्दावर केली सही. चादरींचं काय ते मी बघून घेईन, तू त्यात डोकं घालू नकोस. सात वर्षं घातलं नाहीस, आता चार दिवसांसाठी नको.

पत्र चष्म्याच्या हाती देतेय, तो राहिलेला दोरखंड आणून द्यायला आला होता. पोस्टानं उशीर होतो आणि तिकिटाचा डिंक हल्ली नुसता पाण्यासारखा असतो.

आशीर्वाद लिहायला घेतला होता, पण "अडथळा क्रमांक दोन" आठवलं.

आई


१८ नोव्हेंबर

तमाशा झाला तो सांगते. अर्धा तू केलास, तेव्हा अर्धाच सांगते.

काल सकाळी, चादरी अजून पाण्यात असताना, हेडबाई मागच्या दारी आल्या. हेडबाई मागच्या दारी येत नाहीत कधी. त्यांची खोली रस्त्याच्या बाजूला, त्यांना आमच्या साबणाचा वास सोसत नाही. हातात फोन. म्हणाल्या, "आजी, तुमच्या मुलीचा फोन आहे. तिला तुम्हाला एक विचारायचंय."

मी म्हटलं, "फोनवर मी गिऱ्हाइकांशी बोलते."

त्यांनी कसलंसं बटण दाबलं आणि आवाज बाहेर आला. आधी नुसती खरखर. मग तू. "आई, चादरी कुठे वाळतायत?"

कशी आहेस नाही, पाय कसे आहेत नाही. पण म्हणजे पत्र वाचलंस. नुसतं वाचलं नाहीस, ती एकच ओळ चिमटीनं धरल्यासारखी धरलीस.

आवाज तुझा जाड झालाय. पंख्याच्या आवाजात ओरडून झाला असेल. गरम पाण्यानं गुळण्या करत जा.

मी म्हटलं, "गच्चीवर."

हेडबाई फोन तळहातावर धरून उभ्या, जसा काही त्यात चहा आहे आणि सांडेल. मागे शिपाईमामा होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टाकीकडे बघितलं, आणि मग एकदम आठवल्यासारखं झाडू शोधायला निघून गेले. त्यांच्या शर्टांना इस्त्री मी फुकट करते, ती उगीच नाही.

मग तू म्हणालीस, "गच्चीवर दुपारनंतर ऊन नसतं. तिथं तू पायपुसणीसुद्धा घालणार नाहीस." मी पदराला हात पुसले. तू म्हणालीस, "बरं." आणि फोन गेला.

दुपारी शाळेत निरोप आला. जागा पसंत नाही, शनिवारचा कार्यक्रम रद्द. कारण विचारलं तर "मैदानाबद्दल मिळालेली माहिती भरवशाची नाही."

ही माहिती म्हणजे मी. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला सरकारी भाषेत खोटारडी म्हटलं, आणि तीही पोटची मुलगी. हेडबाईंनी मला विचारलं, "आजी, काही राहिलंय का सांगायचं?" म्हटलं, "काही नाही. तिला राग काढायला कारण हवं होतं, ते मिळालं." त्यांनी विश्वास ठेवला. चेहऱ्यावर तरी.

शाळा सुटल्यावर पोरं आपल्या दारावरून गेली. एरवी चादरींना लोंबकळतात, मी ओरडले की पळतात. काल नीट रांगेत गेली. एकजण मोठ्यानं म्हणाला, "हिच्यामुळेच." चिमटीनं त्याला दगड मारला. लागला नाही, तिचा नेम दादावर गेलाय.

पण आज सकाळपासून ती बेशुद्ध पडत नाही. उठली, स्वतःहून भांडी घासली. सगळी. खरकटं खिडकीतून न टाकता. मला ते आवडलं नाही.

तुला एवढंच विचारायचंय. सात वर्षांत तू एक प्रश्न विचारलास आणि त्याच्या उत्तरावर तुझा भरवसा नाही. मग विचारलास कशाला?

आई


१९ नोव्हेंबर

कालचं पत्र धाडायचंच राहिलं. हे त्याच्याच पाकिटात घालतेय. दोन्ही वाच, आधी ते, मग हे. उलटं वाचलंस तर मी उगीच चांगली वाटेन.

तू बरोबर होतीस. चादरी गच्चीवर वाळत नव्हत्या.

खांब निघाले त्याच संध्याकाळी मी दादाला नवी तार बांधायला लावली. एक टोक टाकीच्या लोखंडी पायाला, अगदी वरती, दुसरं टोक आपल्या माडीच्या कठड्याला. मधे झोळ पडतो, तिथं चादरी असतील तेव्हा बांबूची टेकण द्यायची. मुद्दाम उंच बांधली, गर्दीत कुणा पोराच्या मानेत अडकायला नको म्हणून. हे मी विचार करून केलं, बरं का. आणि त्या दिवशी चादरी काढायच्या, बांबू काढायचा, म्हणजे उडायला काही राहत नाही. उरली नुसती तार, ती कुठे उडून जातेय! तुझ्या कागदात खांब होते. कपडे होते. तारेबद्दल अक्षर नव्हतं. सांगितलं असतं तर तू तीही काढायला लावली असतीस, आणि मग दवाखान्याच्या चादरी मी काय फुंकून वाळवायच्या? म्हणून नाही सांगितलं.

आज दुपारी चष्मा आला. रद्द झालं म्हणून आपली कापडाची पिशवी आणि दोरखंड न्यायला. मी दारात घड्या घालत होते. चिमटी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, खांब तर काढले. मग का नाही येणार?"

तो दोरखंड गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "खांब काढले की नाही हा प्रश्न नाही गं. वरून येताना तार दिसत नाही. कितीही डोळे फाडले तरी नाही. म्हणून वैमानिक तार शोधतच नाही, तो खांब शोधतो. खांब दिसला की तो समजतो, इथं तार असणार, आणि लांबून जातो. खांब नसेल तर समजतो मोकळं आहे. सरळ खाली येतो."

"आणि तार असली तर?"

त्यानं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं नाही. म्हणाला, "तर पडतो. सगळ्यांना घेऊन." मग माझ्याकडे बघून, जरा दबकत, "मॅडम म्हणाल्या, माझी आई चादर जमिनीवर वाळवणार नाही आणि सावलीत वाळवणार नाही. चादर आहे म्हणजे तार आहे. कुठे आहे ते मला कळत नाहीये."

मी घडी खाली ठेवली. माडीवर गेले. वेळ लागला, गुडघे आता जिन्यावर कुरकुर करतात. सकाळची खेप वाळून काढली होती, बांबूही. कठड्यापाशी उभी राहिले आणि खाली बघितलं. तार मी बांधून घेतलेली. कुठून कुठे जाते ते मला पाठ. कठड्याची गाठ हाताखाली होती. तिथून नजर पुढे नेली आणि हातभरावर ती संपली. पुढे नुसतं मैदान. माती, चुन्याचा पांढरा गोल, आणि मधे काही नाही. डोळे पुसले, परत बघितलं. काही नाही. दवाखान्याच्या चादरीवरचा चहाचा फिका डाग मला अजून लांबून दिसतो, तेव्हा डोळ्यांना बोल लावू नकोस.

त्या गोलाच्या कडेला चिमटी स्ट्रेचरवर पडून राहणार होती. डोळे मिटून. बेशुद्ध माणूस डोळे उघडत नाही म्हणून तिनं सराव केला होता.

मी खाली आले. दादा चादरी पोचवायला गेला होता, त्याची वाट बघितली नाही. पक्कड घेतली. टाकीचं टोक चष्म्यानं वर चढून सोडलं, पोरगा माकडासारखा चढतो. कठड्याचं मी. चिमटी मधे उभी राहून ओरडत होती, "सोडा! धरा! सोडा!" तिला ऑफिसर झाल्यासारखं वाटत होतं. तार गुंडाळून मी तिच्या गळ्यात हारासारखी घातली आणि म्हटलं, जा, हेडबाईंच्या टेबलावर नेऊन ठेव, आणि आजीनं सांगितलं होतं ते खोटं होतं म्हणून सांग. ती गेली. धावत. हे सांगायला मी स्वतः गेले असते, पण त्यांच्या खोलीत खुर्च्या मऊ आहेत, बसलं की उठता येत नाही.

चष्मा म्हणाला, "मावशी, मग मी लिहू का, अडथळा नाही?"

मी म्हटलं, "कुणाच्या शब्दावर?"

तो म्हणाला, "तुमच्या."

म्हटलं, "माझ्या शब्दावर एकदा सही झालीय. आता माझा शब्द चालायचा नाही. तुमचाही नको, तुम्ही चहा प्यायलात माझा. ज्या मातीवर उभे राहिला नाहीत तिच्याबद्दल लिहायचं नाही, असं ज्या बाई सांगतात त्यांनी इथं येऊन उभं राहायचं."

तो म्हणाला, "त्या येतील असं वाटत नाही."

"का?"

चष्म्याच्या काचा पुसत बसला. मला कळलं.

तेव्हा ऐक. तुझ्या बाबांच्या वेळी थांबायला हवं होतं की नाही यावर मी तुझ्याशी भांडायला बसले तर दोघी म्हाताऱ्या होऊ. मी तर झालेच आहे. ते तसंच राहू दे. आजचं सांगते.

दवाखान्याचा आजचा दुसरा गठ्ठा धुतलाय. मोठ्या टिपात ओला पडलाय. तार नाही. दोरी बांधता येते, दादा म्हणालाही, पलीकडे झाडांत बांधू. मी नको म्हटलं. दवाखान्याचा माणूस दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "आजी, तुम्ही तर कधी थांबवत नाही." म्हटलं, "या वेळी थांबवलंय. काय करायचं ते करा." तो काय करेल ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. दुसरा धोबी नाक्यावरच बसतो.

ओल्या चादरीला उद्या दुपारी वास लागेल. परवा काळे ठिपके येतील, ते मग जन्मात जात नाहीत. तरी मी त्या पिळून बाहेर काढणार नाही. तू येऊन मैदानाच्या मधोमध उभी राहा, गोल फीर, चारी दिशांना चालून बघ, अनवाणी चालून बघ, टाकी नकाशात घे, पेरू खोड. मग सांग, मी माझी तार कुठे बांधू. तू दाखवशील तिथं बांधेन. तोवर एक चादर वाळणार नाही.

आलीस तर मागच्या दारानं ये. फाटकापाशी उभी राहायची तुला सवय आहे, ती नको. चिमटी परत बेशुद्ध पडायला लागलीय, उंबऱ्यातच आडवी असेल. तिला ओलांडू नकोस, उचल. तुझं कामच आहे ते.

आशीर्वाद पत्रात लिहिणार नाही. तो हातानं द्यायचा असतो.

चष्मा मोटारसायकल चालू करून उभा आहे. उत्तर त्यानं आणायचं नाही. हेडबाईंच्या फोनवर द्यायचं नाही. छापील कागदावर तर मुळीच नाही. उत्तर तू द्यायचंस, इथं येऊन.

आई